धुराड्याच्या रेघेवरची मोजणी

गिरणीत त्यांना सगळे दुर्बीण म्हणत. ते काही पक्ष्यांमुळे नव्हे. पक्षी पुष्कळ नंतर आले. तपासणी खात्यात दिवे लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापड सरकत असे आणि टेबलामागे उभं राहून त्यातला तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग टिपायचा, हे त्यांचं एकतीस वर्षांचं काम. दुसऱ्या बायका वाकून, डोळे बारीक करून बघत. ह्या मात्र चार पावलं मागे उभ्या राहून म्हणत, "थांबव, डाव्या काठाला बाण्याचा आडवा धागा सुटलाय." कापड थांबवून पाहावं तर तिथे खरोखरच सुटलेला असे.

आता त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या. गिरणी बंद पडली होती, तिच्या मजल्यांवर खोक्यांची गोदामं आणि एक छापखाना होता. दुर्बीण म्हणणाऱ्या बहुतेक बायकाही उरल्या नव्हत्या. घरात त्यांना एकच नाव होतं, वन्सं. तसं हाक मारणारं माणूसही एकच, त्यांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली होती. गिरणीसमोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत ह्या दोघी राहत, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर संपेपर्यंत रोज सकाळी साडेआठला रस्ता ओलांडून गिरणीच्या चौऱ्याण्णव पायऱ्या चढून गच्चीवर जात. बरोबर दोन घडीची स्टुलं, चहाचा थर्मास, एक छत्री, दोन दुर्बिणी, वही, आणि माणसं मोजायला फाटकावर वापरतात तसला हातात मावणारा खटका. एकदा दाबला की आकडा एकाने पुढे जातो.

शरद ऋतूत शिकारी पक्षी उत्तरेकडून दक्षिणेला जातात. घारी, ससाणे, गरुड, मधमाश्यांची पोळी फोडून खाणाऱ्या मोहोळघारी. शहराच्या पूर्वेला डोंगराची लांब धार आहे, तिच्या कडेकडेने ते येतात. ऊन तापलं की गरम हवा वर चढते, तिच्यात शिरून पंख न हलवता गोल गोल वर जातात. एकेका वेळी चाळीस-पन्नास. ह्याला वन्सं भोवरा म्हणत. आणि मोजणीचा पहिला नियम असा की भोवऱ्यात पक्षी मोजायचा नाही. गरगर फिरणारे पक्षी मोजायला गेलं तर एकच घार चार वेळा मोजली जाते. वाट बघायची. भोवऱ्याच्या टोकाला पोचले की ते एकामागून एक सुटतात आणि दक्षिणेकडे सरळ घसरत जातात. गिरणीच्या धुराड्यापासून डोंगरावरच्या मनोऱ्यापर्यंत एक रेघ मनात ओढायची आणि जो पक्षी ती रेघ ओलांडेल त्याला एक खटका. रेघेच्या अलीकडे फिरणारा कितीही मोठा गरुड असो, तो अजून आपला नाही.

वन्सं मोजत आणि वहिनी लिहीत. आधी भाऊ लिहायचे. ते गेल्यावर पहिल्या शरदात वन्सं एकट्याच गच्चीवर निघाल्या तेव्हा वहिनी चपला घालून दारात उभ्या होत्या. "लिहायला हात लागतो ना कुणाचा तरी? इथे बसून मी भिंतीच बघायच्या," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून वेळ, वारा, ढग, पक्ष्याची जात, आकडा, सगळं वहिनींच्या ठसठशीत अक्षरात. खाडाखोड नाही.

ही मोजणी काही ह्या दोघींपुरती नव्हती. उत्तरेला दीड तासाच्या रस्त्यावर एका टेकडीवर निवृत्त पोस्टमास्तर हेच काम करत. पक्षी आधी त्यांच्या डोक्यावरून जात, मग गिरणीवर येत. रोज संध्याकाळी सहाला त्यांचा फोन येई, दोघं आकडे सांगत, आणि दर महिन्याला पोस्टमास्तर एकत्र तक्ता करून पक्षी मोजणाऱ्या संस्थेकडे पाठवत. बावीस वर्षं हे चाललं होतं. दोन्ही आकड्यांत दहा-वीसचा फरक असायचाच, एखादा थवा डोंगराच्या पलीकडून जाई. पण ह्या वर्षी भलतंच होत होतं.

"दुर्बीणबाई, आज किती?"

"दोनशे सत्तेचाळीस."

"माझे एकशे नव्वद. वाटेत पिल्लं देतात की काय हो तुमच्याकडे?"

"तुम्ही डबा खायला किती वेळ बसता ते सांगा आधी."

"डबा हातात धरूनच खातो मी. बायको साक्षीला आहे."

"मग झोप लागत असेल."

दोघं हसले. पण दोन आठवडे रोज तेच व्हायला लागलं तसं हसणं आटलं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पोस्टमास्तर जरा घसा खाकरून म्हणाले, "शनिवारी तक्ता जायचाय. संस्थेचं पत्र आलंय. दोन जागांत एवढा फरक राहिला तर एक जागा चुकतेय असं धरावं लागेल म्हणतात. जी चुकत असेल ती पुढच्या वर्षीपासून बंद. कुठली ते आपण दोघांनी ठरवून कळवायचं."

"ठरवायचं काय त्यात?" वन्सं म्हणाल्या. "तुमची टेकडी बुटकी आहे, वरचे पक्षी तुम्हाला दिसत नाहीत."

"असेल," पोस्टमास्तर म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. "असेलही."

फोन ठेवल्यावर वन्सं बराच वेळ खिडकीशी उभ्या राहिल्या. पोस्टमास्तरांबद्दल वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण आपल्या नजरेबद्दल शंका? ती त्यांच्या मनाला शिवलीही नाही. शिवाय ह्या वर्षीचे आकडे पाहून त्यांना मनोमन उकळ्या फुटत होत्या. चार वर्षं पक्षी घटत होते. ह्या वर्षी वाढले, आणि ते वाढलेले आपल्या गच्चीवरून दिसले. ही जागा बंद झाली तर सप्टेंबर उजाडल्यावर करायचं काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलाच नाही. विचारायची गरजच नव्हती.

बुधवारी आकाशावर पातळ पांढरा ढग होता, दुधावरच्या सायीसारखा. असल्या ढगावर पक्षी छान उठून दिसतात. सव्वाबाराला एक मोहोळघार भोवऱ्यातून सुटली आणि तिच्यामागे उंचावर ठिपक्यांची माळ निघाली.

"एक मोहोळघार. मागे चार, पाच… पाच ठिपके, फार उंच," वन्सं म्हणाल्या आणि खटका दाबत गेल्या. वहिनींनी लिहिलं.

पक्षी रेघ ओलांडून खाली घसरत गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे गेले. टाकीला गेल्याच महिन्यात चुना दिला होता, उन्हात ती डोळ्यांना टोचत होती. वन्संनी दुर्बीण खाली घेतली आणि टाकीच्या दुसऱ्या कडेने पक्षी बाहेर येतील म्हणून नुसत्या डोळ्यांनी टाकीकडे पाहत राहिल्या.

मोहोळघार टाकीमागून बाहेर आली. बाकीचे पाच बाहेर आले नाहीत. ते टाकीच्या भिंतीवरूनच चालले होते. अलीकडून. एक मोठा, चार लहान, संथपणे डावीकडून उजवीकडे, चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर.

वन्संनी डोळे मिटले. उघडले. भिंतीकडे पाहिलं. नजर वर नेली तर पाचही जण वर गेले, जरा मागे राहून, आणि मग रांगेत खाली उतरू लागले. त्यांनी उजवा डोळा हाताने झाकला. पक्षी गेले, पण डोंगरही गेला. डावा डोळा त्यांचा लहानपणापासून मंद होता, त्याला लांबचं सगळं पिठासारखं दिसे. हात काढला. डोंगर आला आणि पाच पक्षीही आले.

गिरणीत नव्या मुलीला पहिल्या दिवशी शिकवतात की डाग दिसला तर आधी कापड हलव. कापडाबरोबर डाग हलला तर तो कापडात. कापड पुढे गेलं आणि डाग जागीच राहिला तर तो टेबलाच्या काचेवर, फडका घे आणि पूस. वन्संनी हे तीस-पस्तीस पोरींना शिकवलं असेल. एकदा एका पोरीने काचेवरच्या माशीपायी कापडाचे सहा तागे बाजूला काढले होते, तिला त्यांनी सगळ्या खात्यादेखत फैलावर घेतलं होतं. आता डाग त्यांच्या स्वतःच्या काचेवर होता, आणि त्यांनी तीन आठवडे आकाश बाजूला काढलं होतं.

त्यांनी दुर्बीण पुन्हा उचलली.

"वन्सं, चहा ओतू का?"

"ओत."

दुपारभर त्या मोजत राहिल्या. मोजत राहिल्या म्हणजे बसून राहिल्या. अगदी जवळून, पंखांची बोटं दिसतील अशा अंतरावरून गेलेल्या पक्ष्यालाच खटका दिला. बाकी सगळे सोडले. वहिनींनी एकदा मान वर करून पाहिलं आणि परत वहीत घातली.

सहाला फोन आला. "दुर्बीणबाई, आज किती?"

"बेरीज व्हायचीय अजून," वन्सं म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बावीस वर्षांत हे पहिल्यांदाच. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पळी हातात घेऊन उभ्या होत्या. बेरीज चारलाच झाली होती, गच्चीवरच, त्यांच्याच हाताने.

"वही दे," वन्सं म्हणाल्या.

"जेवून घ्या आधी."

"वही दे म्हटलं ना."

त्यांना पाहायचं होतं की किती आकडे उंचावरचे, ठिपक्यांचे, आणि त्यातले किती काढून टाकता येतील. काढायचे तरी कशाच्या जोरावर? प्रत्येक ठिपका त्यांनीच पाहिला होता, आणि खरे ठिपके त्यात होतेच की. त्यांनी चष्मा लावून सप्टेंबरपासून पानं चाळायला सुरुवात केली. सुरुवातीचे दिवस स्वच्छ होते. एकोणीस तारखेपासून काही आकड्यांच्या उजवीकडे, वरच्या कोपऱ्यात, शाईचं बारीक टिंब दिसू लागलं. दुसऱ्या पानावर चार टिंबं. पुढे एका पानावर अकरा.

"हे काय?"

वहिनी ताटं मांडत होत्या. "काय?"

"हे टिंब."

"पेन टेकलं असेल."

"अकरा वेळा?"

वहिनींनी ताट खाली ठेवलं. पदराला हात पुसले, जरुरीपेक्षा जास्त वेळ पुसले. "मला जे पक्षी दिसले नाहीत," त्या म्हणाल्या, "त्यांच्यापुढे टिंब दिलंय."

स्वयंपाकघरात भांड्यावरचं झाकण वाफेने वाजत होतं. वन्संनी पान उलटून पुढची टिंबं पाहिली.

"म्हणजे तू माझ्या पाठीमागे मला तपासत होतीस."

"तपासत नव्हते."

"मग काय करत होतीस? नक्षी काढत होतीस?"

"तुम्ही सांगितलंत पाच, मी पाच लिहिले. एकही आकडा मी बदललेला नाही, वन्सं. फक्त मला एक दिसत होता."

"तीन आठवडे! आणि तोंडातून शब्द नाही."

"कसा काढू?" वहिनींचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पहिल्या दिवशी म्हटलं होतं मी, 'कुठे, मला नाही दिसत.' आठवतं का काय म्हणालात? 'तुला तांदळातले खडे दिसत नाहीत.' मग बसले गप्प. माझे डोळे का तुमच्यासारखे आहेत? मला वाटायचं, असतील पक्षी, आपल्यालाच दिसत नसतील. आणि नसले तर? म्हणून टिंब."

वन्संना रागवायला कारण सापडत होतं, पण राग सापडत नव्हता. तांदळातले खडे असं आपण म्हटल्याचं आठवतही नव्हतं, आणि म्हटलं असणार ह्याबद्दल शंकाही नव्हती.

"आज टाकीच्या भिंतीवर पाहिले मी," त्या शेवटी म्हणाल्या. "तुझी टिंबं. भिंतीवर उडत होती."

वहिनी खुर्चीवर बसल्या. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "दुखतं का डोळ्यात?"

"दुखत नाही काही."

"उद्या डॉक्टर."

"उद्या वारा उत्तरेचा आहे. पक्षी येतील."

"उद्या डॉक्टर," वहिनींनी परत सांगितलं आणि भात वाढला.

जेवण झाल्यावर दोघी टेबलाशी बसल्या. एकोणीस सप्टेंबरपासून आजपर्यंतची एकूण बेरीज दोन हजार सहाशे चौदा. टिंबांची बेरीज सहाशे तेहतीस. वहिनींनी दोनदा केली, वन्संनी एकदा. वजा करून उरले एक हजार नऊशे एक्याऐंशी. गेल्या वर्षी ह्याच दिवसांत एकवीसशे नव्वद होते. म्हणजे पक्षी वाढले नव्हते. घटलेच होते, दरवर्षीसारखे.

"ह्यातले काही खरे असतील," वहिनी टिंबांवर बोट ठेवून म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांना न दिसलेले."

"असतील."

"मग सगळेच कसे काढायचे?"

"कुठले ते सांगता येतं का तुला? मला नाही येत." वन्संनी पट्टी घेतली, लाल पेन घेतलं, आणि टिंब असलेल्या प्रत्येक आकड्यावरून एक सरळ रेघ मारली. खालचा आकडा वाचता येईल अशी. वहिनींच्या त्या वहीत ती पहिली खाडाखोड. सव्वा तास लागला. वहिनी शेजारी बसून पानं उलटत होत्या.

मग वन्संनी स्वतः फोन लावला. पोस्टमास्तरांनी दुसऱ्याच घंटेला उचलला.

"बेरीज झाली," वन्सं म्हणाल्या. "चूक माझी आहे. डोळा माझा आहे. तुमचे आकडे बरोबर." आणि सगळं सांगितलं, टाकीसकट.

पलीकडे फक्त कागद चाळल्याचा आवाज आला.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय हो," पोस्टमास्तर म्हणाले. "दुर्बीणबाई, मी गेल्या सोमवारी नवा चष्मा करायला टाकलाय. म्हटलं गेली आपली नजर. शनिवारी तक्त्याबरोबर माझीच जागा बंद करा म्हणून कळवणार होतो. पत्र लिहून ठेवलंय."

वन्संनी फोन दुसऱ्या कानाला लावला. स्वतःची जागा जाईल ह्याची भीती त्यांना दुपारपासून होती. ह्या माणसाची जागा आपण जवळजवळ घालवली होती, आणि वर त्याला झोप लागते म्हणून हसलो होतो, हे आता कळलं.

"फाडा ते," त्या म्हणाल्या. "आणि माझी जागा बंद करा असं लिहा."

"असं कसं? वहिनीबाईंनी टिंबं दिलीत म्हणता ना? म्हणजे एकोणीसशे एक्याऐंशी दोघींनी पाहिलेले आहेत. माझे दोन हजार एकोणतीस. फरक किती राहिला? काहीच नाही. उलट मी तर एकटाच बघतो." मग म्हणाले, "टिंबवाले अर्धे धरायचे का? सगळेच काही खोटे नसतील."

"अर्धी घार पाहिलीत कधी?"

"नाही पाहिली."

"मग."

पोस्टमास्तरांनी शनिवारी तक्ता पाठवला, त्यात गिरणीच्या आकड्याखाली दोन ओळींत काय झालं ते लिहिलं. संस्थेने कळवलं की जागा चालू ठेवा, मात्र यापुढे तिथला प्रत्येक पक्षी दोघींनी पाहिलेला असावा.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी डोळ्यात थेंब घालून, दिवा टाकून तपासलं आणि सांगितलं की डोळ्यातल्या पाण्यात वयाने पुंजके तयार होतात, त्यांची सावली दिसते. धोका नाही. मात्र वीज चमकल्यासारखं झालं तर त्याच दिवशी यायचं.

"किती दिसतात?" त्यांनी लिहिता लिहिता विचारलं.

"पाच. एक मोठा, चार लहान. मोठ्याची शेपूट दुभंगलेली आहे. नजर वळवली की लहान मागे राहतात आणि मग त्याला येऊन मिळतात."

डॉक्टरांनी पेन थांबवलं. "इतकं नेमकं कुणी सांगत नाही, आजी."

"ह्यांनी सहाशे तेहतीस मोजलेत," वहिनी मागच्या खुर्चीवरून म्हणाल्या. वन्संनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांना हसू आलं. दोघीही हसल्या, आणि डॉक्टर नुसते एकीकडून दुसरीकडे बघत राहिले.

पुंजके जाणार नव्हते. सवय होते, असं डॉक्टर म्हणाले.

गच्चीवर आता निराळी पद्धत सुरू झाली. वही मांडीवर उघडी ठेवून वहिनीही दुर्बीण लावूनच बसत. वन्सं जागा सांगत, "मनोऱ्यापासून तीन बोटं डावीकडे." वहिनी शोधत. "दिसला." तेव्हाच खटका. आधी वन्संच्या दुर्बिणीच्या रोखाने वहिनी रेघेवर बघत, आता नुसत्या सांगण्यावरून लांबूनच शोधायचं, म्हणून पहिले दोन दिवस कठीण गेले. वहिनी मनोरा सोडून भलतीकडेच बघत, वन्संचा आवाज चढे, मग त्याच तो खाली आणत. तिसऱ्या दिवसापासून वहिनींना लांबचा भोवराही सापडायला लागला. एकदा तर त्यांनीच आधी पाहिला. "वन्सं, तो बघा, धुराड्याच्या मागे, घारच आहे ना?" घार नव्हती, कावळा होता. पण वन्संनी खड्यांचं नाव काढलं नाही. "शेपूट बघ," एवढंच म्हणाल्या.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पक्षी विरळ झाले. त्या मंगळवारी सकाळपासून एकही नव्हता. वारा पडलेला, आकाश निळं, धुतलेलं, ढगाचा एखादाच पुंजका. बाराला वन्संनी उत्तरेकडे दुर्बीण फिरवली आणि थांबल्या.

फार उंचावर एक ससाणा होता. अरुंद, टोकदार पंख, भोवरा न घेता सरळ येणारा. त्यांनी मान डावीकडे वळवली आणि परत आणली. पाच ठिपके मानेबरोबर गेले आणि परत आले. ससाणा आपल्या जागी आकाशातच होता आणि पुढे येत होता.

"वहिनी, ससाणा. मनोऱ्याच्या चार बोटं डावीकडे. फार उंच."

वहिनींनी दुर्बीण लावली. "कुठे?"

"आता साडेतीन बोटं. जरा उजवीकडे. एकटाच आहे."

"निळंच दिसतंय सगळं."

"ढगाचा तो पुंजका दिसतो? त्याच्या खाली."

"पुंजका दिसला. खाली… नाही हो, वन्सं."

ससाणा रेघेजवळ आला. वन्संचा अंगठा खटक्यावर होता. इतका स्वच्छ, इतका नक्की पक्षी ह्या शरदात त्यांनी पाहिला नव्हता. त्याने रेघ ओलांडली.

वहिनींनी दुर्बीण खाली घेतली. डोळ्यांतून पाणी आलं होतं, पदराने पुसलं. "तुम्हाला दिसला ना?"

"दिसला."

"नक्की?"

"नक्की."

"मग मला दिसला असं लिहिते मी. एकच तर आहे."

वन्संनी अंगठा खटक्यावरून उचलला आणि खटका मांडीवर ठेवला.

"नको," त्या म्हणाल्या. "वेळ लिही फक्त."

वहिनींनी लिहिलं, बारा वाजून सात मिनिटं, वारा नाही, आकाश स्वच्छ. आकड्याच्या रकान्यात शून्य घातलं. वन्संनी दुर्बीण पुन्हा डोळ्याला लावली आणि ससाण्याला दक्षिणेकडे जाताना पाहत राहिल्या, दिसत होता तोवर.